आईच्या एमआरआयमधले पांढरे डाग: एमसीआय, डिमेन्शिया आणि आता नेमकं काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. आईचं वय ७१, बीपी आणि शुगर बरीच वर्षं. गेल्या वर्षभरात विसरणं वाढलंय, कामं रेंगाळतात, चाल मंदावली आहे. एमआरआयच्या रिपोर्टात 'पेरिव्हेंट्रिक्युलर अँड डीप व्हाइट मॅटर हायपरइंटेन्सिटीज, फझेकास ग्रेड २, क्रॉनिक स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस' (थोडक्यात, बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त कमी पडल्याने मेंदूत पडलेले पांढरे डाग) असं आलंय आणि डॉक्टर 'एमसीआय' म्हणाले. मुलाला चार गोष्टी विचारायच्या आहेत. हा डिमेन्शिया म्हणायचा का? डाग जातील का? रक्त पातळ करायची गोळी सुरू करावी का? आणि हे मलाही होणार का?

मी न्यूरॉलॉजिस्ट आहे. असा रिपोर्ट घेऊन आलेली कुटुंबं मला जवळजवळ रोज भेटतात, आणि बहुतेकांनी आदल्या रात्री रिपोर्टातला शब्द न् शब्द मोबाइलवर शोधून स्वतःची झोप घालवलेली असते. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. या रिपोर्टवरून डिमेन्शिया आहे असं म्हणता येत नाही. डिमेन्शिया ठरतो तो माणसाच्या रोजच्या वागण्यावरून, एमआरआय फक्त कारण शोधायला मदत करतो. स्मरण, लक्ष, भाषा, निर्णय यांपैकी काहीतरी बिघडलंय आणि त्यामुळे औषधं घेणं, पैशांचा हिशेब, स्वयंपाक, बाहेर जाऊन परत येणं या गोष्टी दुसऱ्याच्या मदतीशिवाय होत नाहीत, अशी अवस्था आली की डिमेन्शिया. चाचणीत घट दिसते, घरच्यांनाही जाणवते, पण व्यवहार स्वतःचे स्वतः उरकतात, फार तर वेळ जास्त लागतो, तेव्हा एमसीआय, म्हणजे माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे रोनाल्ड पीटरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये याचे निकष मांडले आणि पुढे तेच सुधारून जगभर वापरले गेले. स्मृतीच्या दवाखान्यात येणाऱ्या एमसीआयच्या रुग्णांपैकी दरवर्षी साधारण १० ते १५ टक्के डिमेन्शियाकडे सरकतात. बरेच जण आहे तिथेच राहतात. काही जण चक्क पूर्ववत होतात, विशेषतः ज्यांच्या विसरण्यामागे नैराश्य, थायरॉइड, बी-१२ची कमतरता, बिघडलेली झोप किंवा एखादं औषध होतं.

आता डागांकडे येऊ. मेंदूच्या पृष्ठभागावरचा राखाडी थर म्हणजे पेशींची वस्ती. त्याखाली व्हाइट मॅटर असतं, म्हणजे मेंदूचे वेगवेगळे भाग एकमेकांना जोडणारे तंतू. या तंतूंभोवती मायलिनचं चरबीयुक्त आवरण असतं, आणि त्याच्यामुळे संदेश वेगाने धावतो. तरुण माणसाच्या मेंदूतले असे सगळे तंतू एकापुढे एक ठेवले तर लांबी दीड लाख किलोमीटर किंवा त्याहूनही जास्त भरते. वयानुसार ती घटत जाते, अगदी निरोगी माणसाचीही. डाग पडलेल्या जागी मायलिन विरळ झालेलं असतं, तंतू कमी झालेले असतात आणि पाण्याचा अंश वाढलेला असतो. एमआरआयच्या 'फ्लेअर' चित्रांत हेच पांढरं चमकतं.

असे डाग किती जणांना असतात हे कळलं तरी निम्मी भीती जाते. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या पाहणीत ६० ते ९० वयाच्या, वस्तीतून निवडलेल्या हजाराहून अधिक लोकांचे एमआरआय काढले होते. एकही डाग नाही अशी माणसं निघाली जेमतेम ५ टक्के. म्हणजे सत्तरीत डाग असणं हा नियम आहे, नसणं अपवाद. म्हणून डाग आहेत का हे विचारण्यात फारसा अर्थ नाही. किती आहेत, कुठे आहेत आणि सोबत आणखी काय आहे, हे विचारावं.

'किती' हे सांगायला फझेकास श्रेणी वापरतात. ऑस्ट्रियातल्या ग्राझचे फ्रान्झ फझेकास यांनी ती १९८७ मध्ये दिली. खोल भागात सुटे ठिपके असतील तर ग्रेड १, ठिपके एकमेकांना भिडायला लागले तर २, मोठे सलग पट्टे झाले तर ३. मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांभोवतीच्या भागासाठीही असंच: पातळ रेघ, मग गुळगुळीत किनार, मग आत घुसलेले वेडेवाकडे पट्टे. सत्तरीतला ग्रेड १ मी सहसा बाजूला ठेवतो. ग्रेड ३ कुठल्याही वयात दुर्लक्ष करण्यासारखा नाही. तुमच्या आईंचा ग्रेड २ मधला आहे. घाबरायचं कारण नाही, पण रिपोर्ट कपाटात ठेवून विसरायचंही कारण नाही.

युरोपातल्या ११ केंद्रांवर 'लाडिस' नावाचा अभ्यास झाला. घरातले व्यवहार स्वतः करू शकणाऱ्या ६३९ ज्येष्ठांवर त्यात लक्ष ठेवलं होतं. दरवर्षी परावलंबी होणाऱ्यांचं किंवा दगावणाऱ्यांचं प्रमाण सौम्य डाग असलेल्यांत १०.५ टक्के, मध्यम असलेल्यांत १५.१ टक्के आणि तीव्र असलेल्यांत २९.५ टक्के निघालं. मध्यम आणि तीव्र यांच्यातली ही उडी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आईंना ग्रेड २ वर रोखून धरणं हेच आपलं काम आहे.

हे होतं कसं? मेंदूच्या पृष्ठभागावरून आणि तळातून अगदी बारीक धमन्या आत शिरतात आणि खोल व्हाइट मॅटरमध्ये जाऊन संपतात. त्यांना शेजारच्या धमनीचा फारसा आधार नसतो. कालव्याच्या शेवटाला, 'टेल'ला शेत असलेल्या शेतकऱ्याची जी अवस्था, तीच या भागाची: वर कुठेही दाब कमी झाला की पाण्याची पहिली ओरड इथे. वर्षानुवर्षं बीपी जास्त राहिलं की या धमन्यांच्या भिंती जाड आणि ताठर होतात. गरज पडली की रुंद व्हायचं हे त्यांना जमेनासं होतं. भिंतीतून रक्तातले घटक थोडे थोडे बाहेर झिरपतात. मायलिन बनवणाऱ्या पेशींना ऑक्सिजनची कमतरता अजिबात सोसत नाही, त्या मरतात आणि तंतू उघडे पडतात. शुगर, तंबाखू आणि वय यात भर घालतात. ना पक्षाघाताचा झटका, ना दुखणं, ना दवाखान्यात दाखल होणं. दहा-पंधरा वर्षं हे गुपचूप चाललेलं असतं.

एक गोष्ट रिपोर्टात कधीच लिहिलेली नसते. डागांच्या आसपासचं, चित्रात अगदी नॉर्मल दिसणारं व्हाइट मॅटरही बऱ्याचदा थोडं बिघडलेलं असतं. 'डीटीआय' या एमआरआयच्या प्रकारात पाण्याचे रेणू तंतूंच्या दिशेने किती शिस्तीत सरकतात ते मोजतात. एमसीआयमध्ये, विशेषतः स्मृतीवर परिणाम झालेल्या प्रकारात, स्मरणाशी संबंधित फॉर्निक्स आणि सिंग्युलम या तंतूंच्या जुड्यांत ही शिस्त बिघडलेली आढळते. पण हे आज संशोधनाचं साधन आहे. एका रुग्णाच्या डीटीआयवरून त्याचं भविष्य सांगता येत नाही, त्यामुळे त्यासाठी वेगळे पैसे खर्च करू नका.

अल्झायमर आणि हे डाग यांचा संबंध काय, हेही बरेच जण विचारतात. संबंध दोन प्रकारचा आहे. अल्झायमरमध्ये राखाडी थरातल्या पेशी मरतात आणि त्यांच्यापासून निघणारे तंतू मागोमाग झिजतात, त्यामुळे मेंदूच्या मागच्या भागातले काही डाग रक्तवाहिन्यांमुळे नसून अल्झायमरमुळेही असू शकतात. आणि दोन्ही आजार एकाच मेंदूत असणं तर फारच सामान्य आहे. अमेरिकेतल्या जोगिणींवर झालेल्या प्रसिद्ध 'नन स्टडी'त १९९७ मध्ये हे ठळकपणे दिसलं. मेंदूत अल्झायमरच्या खुणा असलेल्या ज्या जोगिणींना सोबत रक्तवाहिनी बंद पडून झालेल्या छोट्या जखमाही होत्या, त्यांच्यात डिमेन्शियाचं प्रमाण कितीतरी जास्त होतं. रक्तवाहिन्यांचं नुकसान थांबवलं तर अल्झायमरचं ओझं मेंदू जास्त दिवस पेलतो, असा माझा त्यावरून निष्कर्ष आहे. तुमच्या आईंना 'हे की ते' याचा निकाल आज लागला नाही तरी उपचाराची सुरुवात अडत नाही.

तरी तपासणीत फरक दिसतो, आणि तो घरच्यांना समजावा म्हणून सांगतो. मी पाच शब्द सांगतो, दहा मिनिटांनी विचारतो. अल्झायमरच्या रुग्णाला शब्द आठवत नाहीत, आणि 'त्यात एक फळ होतं' असं सुचवलं तरी आठवत नाहीत. कधी कधी मी शब्द सांगितले होते हेच आठवत नाही. बारीक रक्तवाहिन्यांच्या आजारात रुग्ण अडखळतो, गप्प बसतो, पण 'फळ' म्हटलं की लगेच 'हां, सीताफळ!' म्हणून चेहरा उजळतो. शब्द साठवलेला असतो, बाहेर काढायला वेळ लागतो. मग मी 'क'पासून सुरू होणारे शब्द एका मिनिटात सांगायला सांगतो. शाळेत शिकवण्यात हयात घालवलेली व्यक्ती चार-पाच शब्दांवर अडकते. तारीख, वार, नातवंडांची नावं सगळं बरोबर, पण वेग गेलेला.

घरात याचं रूप असं दिसतं. पुरणपोळीची कृती विचारली तर बाई तोंडपाठ सांगतात. ओट्याशी उभ्या राहिल्या की डाळ शिजतेय तोवर कणीक मळायची राहून जाते, पुरण वाटायच्या आधीच तवा तापायला ठेवला जातो, मध्येच फोन आला की पुढचं सगळं विस्कटतं. एकेक पायरी येते, त्यांची सांगड घालता येत नाही. जोडीला उत्साह आटतो. भजनी मंडळाला जाणं बंद होतं, आवडती मालिका लावा असं त्या स्वतःहून म्हणत नाहीत. घरचे म्हणतात 'हल्ली आळशी झालीये' किंवा 'मुद्दाम करते'. कृपा करून हे शब्द आईंसमोर वापरू नका. पुढाकार घेण्याचं काम करणारे कपाळामागचे तंतूच इथे तुटलेले असतात.

तुम्ही लिहिलेलं सगळ्यात मोलाचं वाक्य म्हणजे 'चाल मंदावली आहे'. विसरण्यासोबत चाल बदलणं ही बारीक रक्तवाहिन्यांच्या आजाराची मोठी खूण आहे: पावलं आखूड, पाय थोडे फाकलेले, वळताना तोल जातो, हात मात्र पार्किन्सनसारखे आखडलेले नसतात. त्यात लघवी आली की थांबवत नाही हेही असतं, आणि आया ते सांगायला लाजतात; घरातल्या एखाद्या बाईमाणसाने हळूच विचारावं. खुर्चीतून उठून तीन मीटर चालून, वळून, परत येऊन बसायला १२ सेकंदांपेक्षा जास्त लागत असतील तर पडण्याचा धोका वाढलेला आहे असं धरा. मात्र चाल, लघवी आणि विसरणं हे तिन्ही असेल तर डॉक्टरांना एक गोष्ट स्पष्ट विचारा: मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या जास्त फुगल्या आहेत का? 'नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस' नावाचा आजार अगदी असाच दिसतो आणि त्यात शस्त्रक्रियेने पाणी वळवून चाल सुधारू शकते.

आता उपचार. डाग पुसणारं औषध नाही. काही रुग्णांमध्ये काही वर्षांनंतरच्या एमआरआयमध्ये डाग थोडे आक्रसलेले दिसतात हे खरं आहे, पण ते ठरवून घडवून आणता येत नाही. वाढ मात्र रोखता येते, आणि तिथे बीपीचा नंबर पहिला. अमेरिकेतल्या 'स्प्रिंट' अभ्यासात ९,३६१ लोकांची विभागणी केली: एका गटात वरचं बीपी १२०च्या खाली आणायचं, दुसऱ्यात १४०च्या. सुमारे चार वर्षांनी कडक गटात डागांचं आकारमान ०.९२ घन सेंटिमीटरने वाढलं होतं, दुसऱ्यात १.४५ने. एमसीआय होण्याचं प्रमाण कडक गटात १९ टक्क्यांनी कमी निघालं. डिमेन्शियाचं प्रमाणही थोडं कमी दिसलं, पण तो फरक खात्रीने सांगण्याइतका नव्हता. आणखी एक महत्त्वाचं: या अभ्यासात मधुमेही नव्हते, आणि तुमच्या आईंना मधुमेह आहे. म्हणून १२० हा आकडा मी त्यांच्यावर डोळे झाकून लादणार नाही. चक्कर न येता १३०च्या खाली राहत असेल तर ते मला पुरेसं वाटतं.

हे मोजायचं घरी, कारण दवाखान्यातला एक आकडा फसवा असतो. दंडावर बांधायचं डिजिटल मशीन घ्या, मनगटाचं नको. मोजायच्या आधी अर्धा तास चहा नको, तंबाखू नको. लघवीला जाऊन यायचं. पाठ टेकून, पाय जमिनीला टेकवून पाच मिनिटं गप्प बसायचं, हात टेबलावर छातीच्या पातळीला. टीव्ही बंद, गप्पा बंद. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे वहीत लिहायचे. सकाळी गोळी घेण्याआधी आणि रात्री, असं सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी डॉक्टरांना दाखवा. आणि एकदा उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी मोजा. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त पडत असेल तर गोळ्या वाढवण्याआधी हे सांगायलाच हवं. अशा माणसाचं बीपी घाईने उतरवलं तर तो बाथरूममध्ये पडतो, आणि खुबा मोडला की स्मृतीचा प्रश्न बाजूलाच राहतो.

बीपी नीट राहिलं की बरीच माणसं 'आता नॉर्मल आलं' म्हणून गोळी बंद करतात. गोळी चालू आहे म्हणून ते नॉर्मल आहे. लोणचं, पापड, सुकी चटणी, फरसाण हे ताटात रोज नको; दिवसाचं एकूण मीठ पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर. मिश्री लावायची सवय असेल तर तीही तंबाखूच आहे, आणि डॉक्टरांनी 'तंबाखू खाता का' विचारल्यावर आया 'नाही' म्हणतात, कारण मिश्री त्या तंबाखूत धरत नाहीत.

शुगरच्या बाबतीत माझं मत थोडं वेगळं आहे. सत्तरीनंतर शुगर फार खाली आणण्याचा अट्टहास नको. शुगर अचानक उतरणं मेंदूला घातक असतं, आणि विसरभोळी व्यक्ती गोळी दोनदा घेते किंवा गोळी घेऊन जेवायला विसरते. एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी) साडेसातच्या आसपास चालेल का, हे त्यांच्या डॉक्टरांना विचारा.

रक्त पातळ करायची गोळी. फक्त डाग आहेत, पक्षाघात नाही, हृदयविकार नाही, अशा माणसाला ॲस्पिरिन देऊ नये, असं २०२१च्या युरोपियन स्ट्रोक ऑर्गनायझेशनच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. १९ हजारांहून जास्त निरोगी ज्येष्ठांवर झालेल्या 'ॲस्प्री' चाचणीत ॲस्पिरिनने डिमेन्शिया टळला नाही, रक्तस्राव मात्र वाढला. पक्षाघात किंवा हृदयविकार झालेला असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा ही गोळी मनाने बंद करू नका. रिपोर्टात 'मायक्रोब्लीड' हा शब्द आहे का तेही पाहा. बारीक रक्तस्रावांच्या या खुणा असतील तर रक्त पातळ करायची औषधं आणि अल्झायमरची नवी अमायलॉइडविरोधी (म्हणजे मेंदूत साचणारं अमायलॉइड हे प्रथिन हटवणारी) इंजेक्शनं, दोन्हींचा निर्णय बदलू शकतो.

'मेंदूची शक्ती वाढवणाऱ्या' गोळ्या बहुतेक चिठ्ठ्यांवर असतात. एमसीआय पुढे जाण्यापासून थांबवतात असा भक्कम पुरावा त्यांतल्या कुठल्याही गोळीचा नाही. महिन्याचे ते पैसे फिजिओथेरपिस्टला दिलेले मला जास्त आवडतील. उलट काही गोळ्या काढल्या की माणूस सुधारतो: झोपेच्या गोळ्या, सर्दीच्या गोळ्यांतली जुनी ॲलर्जीची औषधं, लघवी थांबवणारी काही औषधं. घरातल्या सगळ्या स्ट्रिप्स पिशवीत भरून डॉक्टरांसमोर ठेवा, आयुर्वेदिक आणि मेडिकलमधून आणलेल्याही.

रक्ताच्या तपासण्यांत बी-१२ आणि थायरॉइड चुकवू नका. शाकाहारी घरांत बी-१२ची कमतरता खूप आढळते, आणि मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर आणखीच. घोरणं आणि झोपेत श्वास अडखळणं असेल तर तेही तपासायला हवं, कारण त्यामुळे बीपी रात्री चढतं. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राला विरोध करू नका. व्यायाम म्हणजे रोज अर्धा तास, जरा दम लागेल असं चालणं, आणि आठवड्यातून दोनदा खुर्चीवरून उठबस करून मांड्यांना ताकद. फिनलंडमधल्या 'फिंगर' अभ्यासात १२६० ज्येष्ठांचे दोन गट केले होते. आहार, व्यायाम, बौद्धिक सराव आणि बीपी-शुगरवर नजर असं सगळं एकत्र दोन वर्षं केलेल्या गटाची बौद्धिक कामगिरी नेहमीचा सल्ला मिळालेल्यांपेक्षा सरस राहिली. एकेकटा उपाय अपुरा पडतो, हे आपल्याकडेही तितकंच लागू आहे.

मलाही होणार का? बहुतेक वेळा वारसा मिळतो तो बीपीचा आणि शुगरचा. 'कॅडासिल' नावाचा खराखुरा आनुवंशिक आजार आहे, नॉच३ जनुकातल्या बिघाडाचा. पण त्यात घराण्यात बऱ्याचदा तरुणपणीच अर्धशिशी आणि चाळिशी-पन्नाशीतच पक्षाघात दिसतात आणि डाग कानशिलाच्या भागात पुढपर्यंत असतात. तसं तुमच्याकडे नसेल तर जनुकीय चाचणीची घाई नको. लंडनच्या 'व्हाइटहॉल' अभ्यासात पन्नाशीत वरचं बीपी १३० किंवा त्याहून जास्त असलेल्यांना पुढे डिमेन्शियाचा धोका जास्त दिसला, ज्यांना हृदयविकार झाला नाही त्यांनाही. तुमचं बीपी शेवटचं कधी मोजलं होतं?

एमआरआय दरवर्षी काढायची गरज नाही. सहा महिन्यांनी स्मृतीची चाचणी आणि चाल तपासली तर ती जास्त सांगून जाते. पण ठरलेल्या तारखेची वाट न पाहता लगेच न्यायचं ते असं: तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं किंवा बोलणं अचानक अडखळणं, तेव्हा मिनिटंही मोलाची असतात. किंवा कालपर्यंत ठीक असलेल्या आई एक-दोन दिवसांत भ्रमिष्टासारख्या बोलायला लागल्या, दिवसा झोपून रात्री उठून बसल्या, तर हा डिमेन्शिया वाढला असं समजून घरी थांबू नका. त्यामागे बऱ्याचदा लघवीतलं किंवा छातीतलं इन्फेक्शन, उतरलेलं सोडियम किंवा नवी सुरू केलेली गोळी असते. आणि गेल्या काही आठवड्यांत त्या पडल्या असतील, डोक्याला मार लागला असेल, तर तेही आवर्जून सांगा. म्हातारपणी कवटीखाली रक्त हळूहळू साचतं आणि लक्षणं दिसायला आठवडे लागू शकतात. त्यासाठी त्याच दिवशी सीटी स्कॅन हवा.